हरताळ, काकपद आणि लहरी रेषा

आश्वासनाला हरताळ फासला, नियमाला हरताळ फासला, असे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. हा हरताळ मूळचा लेखनिकाच्या दौतीशेजारचा, हे मात्र आता फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांच्या संयोगाचे पिवळे खनिज. पोथी उतरून काढताना एखादे अक्षर चुकले, तर त्यावर हरताळाचा लेप द्यावयाचा आणि तो वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिहावयाचे, अशी रीत होती. अक्षर वा शब्द गळला असेल, तर ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करावयाची आणि गळलेला मजकूर समासात लिहावयाचा. या खुणेला काकपद किंवा हंसपद म्हणत. देवघरातील जुनी पोथी उजेडात तिरपी धरली, तर हे पिवळे डाग आणि या खुणा आजही दिसतात. येथे कोणाचा तरी हात चुकला होता आणि कोणीतरी ती चूक सुधारली, एवढे ती पोथी पिढ्या उलटल्यावरही सांगते.

हे सांगावयाचे निमित्त अगदी आजचे आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर त्याच्या जातीची आणखी यंत्रे आली. ती मराठी वाचतात, लिहितात, आणि आपण लिहिलेले सुधारूनही देतात. बेळगाव-निपाणीकडच्या आमच्या भागात आता संस्थेचा वार्षिक अहवाल, देवस्थानाच्या उत्सवाची पत्रिका, वकिलाची नोटीस, नवकवीचा संग्रह, असा बराच मजकूर छापण्यापूर्वी या यंत्रापुढून जाऊन येतो. छापखान्यात तांबडी शाई घेऊन बसलेला मुद्रितशोधक पूर्वी असे. तो आता फार थोड्या ठिकाणी उरला आहे. त्याची जागा यंत्राने घेतली याबद्दल गळा काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु ती जागा कसली होती, तेथे बसणाऱ्याकडून आपल्या पूर्वजांनी काय अपेक्षिले होते, आणि सीमेवर राहणाऱ्यांना त्याचे विशेष महत्त्व का आहे, हे पाहून ठेवणे अगत्याचे आहे.

शुद्धतेची आस्था आपल्याकडे लेखनाहूनही जुनी आहे. वेदपाठकांनी संहितेवर न थांबता पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ रचले. तीच पदे पुढून मागे, मागून पुढे, पुन्हा पुढून म्हणावयाची, म्हणजे एखादे पद गळले किंवा स्वर ढळला तर ते त्या गुंफणीतच उघडे पडते. आजच्या गणकशास्त्रात संदेश बिनचूक पोचला की नाही हे तपासण्यासाठी ज्या युक्त्या योजतात, त्यांचेच हे मौखिक रूप म्हणावयास हरकत नाही. या सर्व पाठांचा हेतू एकच: आहे ते जसेच्या तसे पुढच्याच्या स्वाधीन करणे. त्यात सुधारणेला वावच नाही.

पोथ्यांच्या लेखनिकांचा धर्मही असाच होता. पोथीच्या शेवटी लेखनिक एक ठराविक श्लोक लिहीत असे. त्याचा आशय असा की, जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले. ते शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. आधुनिक वाचकाला यात अंग काढून घेण्याचा भाव दिसेल. वकिलाच्या दृष्टीने पाहिले, तर ते एक स्वच्छ प्रतिज्ञापत्र आहे. मी साक्षीदार आहे, पंच नव्हे, असे तो लेखनिक म्हणत आहे.

पंच होऊन बसण्याचे धैर्य मराठीत ज्यांनी प्रथम ठळकपणे दाखविले, ते पैठणचे एकनाथमहाराज. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यास तोपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती आणि प्रतीमागून प्रती होता होता तिच्यात पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिचे शुद्धीकरण केले. पुढे कोणी या ग्रंथात आपल्या पदरची ओवी घालील, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे होईल, असा इशारा त्यांच्या नावे पोथीच्या अखेरीस परंपरेने लिहिला जातो. पारायण करणाऱ्या प्रत्येक घराला तो ठाऊक आहे.

परंतु येथेच एक मौज आहे. नाथांनी नेमके कोणते शब्द बदलले, याची यादी त्यांनी ठेवली नाही. तशी प्रथाच त्या काळी नव्हती. परिणाम असा झाला की, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापून ही पोथी नाथपूर्व आहे असे प्रतिपादिले, तेव्हापासून ज्ञानदेवांची मूळ भाषा कोणती आणि नाथांच्या काळात सोपी झालेली कोणती, हा वाद विद्वानांत चालू राहिला. नाथांसारख्या संतपुरुषाच्या हातून झालेली दुरुस्तीसुद्धा, खूण न राहिल्यामुळे, पुढच्यांना कोड्यात टाकते. तरी नाथांनी शक सांगितला, कार्य सांगितले, त्यामागे आपले नाव ठेवले. म्हणून वाद घालावयास निदान पत्ता तरी आहे.

खूण ठेवण्याची ही विद्या आपल्याकडे शास्त्ररूपाने आली ती विसाव्या शतकात, आणि तिच्या दोन मोठ्या आचार्यांचे नाते या मासिकाच्या वाचकांशी जवळचे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली आणि १९२५ साली तिची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे आली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम लिपीपर्यंतच्या पोथ्या समोर मांडून त्यांनी आदिपर्व सिद्ध केले आणि १९३३ साली ते पूर्ण झाले. १९४३ साली ते निवर्तले. सगळे काम तडीस जाण्यास १९६६ साल उजाडले. या आवृत्तीत प्रत्येक पाठभेद तळटिपेत नोंदलेला आहे. त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, संपादकाला जो शब्द निश्चित वाटला नाही, त्या शब्दाखाली नागमोडी, लहरी रेषा छापली आहे. एवढ्या विद्वत्तेनंतरही 'येथे मला खात्री नाही' असे छापून ठेवावयाचे, यातला विनय पाहण्यासारखा आहे.

दुसरे अनंत काकबा प्रियोळकर. मंगेशीच्या देवळामुळे प्रियोळ गाव सर्वांना माहीत आहे. त्याच गावचे हे सुपुत्र. रघुनाथपंडितांच्या 'दमयंतीस्वयंवरा'ची त्यांची १९३५ सालची आवृत्ती मराठी काव्याच्या पाठचिकित्सेचा पहिला वस्तुपाठ मानली जाते. भारतातील मुद्रणाचा इतिहासही त्यांनी १९५८ साली लिहिला. १९५१ साली मराठी साहित्य संमेलन कारवारला भरले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे यावे, हे त्या जागेला आणि त्या माणसाला दोघांनाही साजेसे होते. कारवारही सीमेवरचेच.

आता ही लहरी रेषा कोठे दिसते? संगणकावर मराठी लिहू लागलो की शब्दाखाली तांबडी नागमोडी रेषा उमटते. यंत्राला तो शब्द आपल्या कोशात सापडलेला नसतो. सुखटणकरांची रेषा स्वतःच्या पाठाविषयी शंका घेत असे, ही रेषा आपल्याविषयी शंका घेते. तरी ती निदान दिसते. शब्द तसाच ठेवावयाचा की बदलावयाचा, हे लिहिणाराच ठरवितो. नव्या यंत्रांनी ही रेषाही काढून टाकली आहे. 'हा लेख शुद्ध करून दे' असे म्हटले की काही क्षणांत सबंध लेख नव्याने लिहून समोर येतो. तो गुळगुळीत असतो, वाचावयास सुखाचा असतो. परंतु त्यात हरताळाचा डाग नाही, काकपद नाही, रेषा नाही. शुद्धलेखनाची चूक कोणती दुरुस्त झाली, शैली कोठे बदलली, आणि अर्थ कोठे सरकला, या तीन अगदी भिन्न गोष्टी एकाच साबणाने धुऊन निघालेल्या असतात.

मराठीने असा एक शुद्धिकार पूर्वी अनुभवलेला आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाच्या कामात ज्यांचा हात होता आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश ज्यांनी पुरा केला, ते मेजर टॉमस कँडी पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेच्या पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. त्यांचा व्यासंग खरा होता, मराठीवरचा लोभही खरा होता, आणि विरामचिन्हांसारख्या सोयी रुळविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु त्यांच्या कचेरीतून निघालेल्या मराठीला इंग्रजीचे वळण पडू लागले, आणि १८७४ साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्या वळणावर कोरडे ओढले. भाषा पुस्तकांतून शिकलेला, मन लावून काम करणारा, सर्वांना एका मापाने मोजणारा आणि सर्वत्र पोचणारा असा शुद्धिकार लाभला म्हणजे काय होते, हे मराठीने त्या वेळी पाहिले. आजचे यंत्र हा आपला दुसरा कँडी होय. फरक एवढाच की, पहिल्या कँडीशी वाद घालता येत असे.

विसाव्या शतकातील शुद्धलेखनाच्या नियमांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. साहित्य महामंडळाने १९६१ साली स्थापना होताच हे काम हाती घेतले. १९६२ साली चौदा नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, १९७२ साली चारांची भर पडून ते अठरा झाले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि जुन्या पिढीला आपली अक्षरे उघडी पडल्यासारखी वाटली. हे नियम झाले तेव्हा बेळगाव-निपाणी महाराष्ट्राबाहेर होती, म्हणजे त्या शासनाची आज्ञा आम्हांस लागू नव्हती. तरीही पाठ्यपुस्तकांबरोबर आणि वर्तमानपत्रांबरोबर ते नियम सीमा ओलांडून आले आणि आम्ही ते पाळले.

या नियमांत दोन सवलती अशा आहेत की, त्या यंत्राला सहसा सांगितल्याशिवाय कळत नाहीत. पात्राच्या तोंडी घातलेले शब्द बोलल्याप्रमाणे लिहिण्यास नियमांनीच मोकळीक दिली आहे. तसेच केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळाबरहुकूम छापावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कोठे थांबावयाचे, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते.

आता आमच्या सीमेकडे वळू. या भागाची मराठी ही पुण्याच्या मराठीची बिघडलेली प्रत आहे, अशी समजूत आमच्यांतील शिकलेल्या मंडळींतही आढळते. बेळगावने मराठीसाठी काय केले याची यादी मोठी आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. बाबूराव ठाकुरांनी 'तरुण भारत' १९१९ साली काढला. साहित्य संमेलने येथे १९२९, १९४६ आणि २००० साली भरली. शिवराम महादेव परांजपे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि य. दि. फडके अनुक्रमे अध्यक्ष होते, आणि १९४६ च्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. असो. हे सारे प्रमाण मराठीत झाले. परंतु घरात, बाजारात आणि तंबाखूच्या वखारीत बोलली गेली ती निराळी, कानडीशी सख्ख्या शेजारणीसारखी वागणारी मराठी. शेजारणीकडून घेतलेली वाटी परत करण्याची घाई तिने कधी केली नाही. अण्णा, अक्का, अडकित्ता, खलबत्ता हे शब्द तर सगळ्या मराठीनेच कानडीकडून घेतले आहेत आणि ते शाळेच्या व्याकरणात सुखाने नांदतात. आम्ही आणखी थोडे घेतले, एवढेच.

दोन उदाहरणे देतो. बेळगावकडे 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थाने येतो. 'मी आलो असतो, खरं पाऊस लागला' याचा अर्थ 'आलो असतो, पण पाऊस लागला'. दुसरे असे की, कोल्हापूर, कागल, निपाणी, बेळगाव या सबंध पट्ट्यात स्त्रियाही 'मी येतो', 'मी गेलो' असेच म्हणतात. आमच्या आज्या असेच बोलत आल्या. त्यात कोणालाही लिंगाची चूक दिसली नाही. ही दोन्ही वाक्ये मी मुद्दाम एका यंत्राला शुद्ध करावयास दिली. पहिल्यात त्याने 'खरं'चे 'खरं तर' केले आणि 'पण' नाहीसा झाला. आता त्या वाक्यात पाऊस हा अडथळा न राहता नुसती वार्ता झाली. दुसऱ्यात 'मी येतो, अक्का म्हणाली' याचे 'मी येते' झाले. व्याकरण सुधारले आणि अक्का पुण्याची झाली.

यंत्राचा यात काही दुष्टावा नाही. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द बहुधा येतो याचे गणित त्याने मांडलेले असते. जे पुष्कळांनी पुष्कळ वेळा लिहिले ते त्याला संभाव्य वाटते, आणि जे संभाव्य वाटते तेच शुद्ध म्हणून आपल्या हाती येते. निपाणीच्या वखारीतली मराठी छापील मजकुरात किती असणार? हा बहुमताचा न्याय आहे. आमच्या पुरावा कायद्याने १८७२ सालीच सांगून ठेवले की, एखादी गोष्ट सिद्ध करण्यास साक्षीदारांची अमुकच संख्या लागते असे नाही. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा आला, तरी हे तत्त्व टिकून आहे. विश्वासार्ह असेल तर एकट्या साक्षीदाराचे म्हणणेही पुरते. भाषेच्या बाबतीत यंत्र नेमके याच्या उलट वागते.

निपाणीच्याच महादेव मोरे यांचे नाव येथे घेतले पाहिजे. २०२४ साली ते गेले. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ड्रायव्हर, गॅरेजातले कारागीर, वखारीतल्या बाया, त्यांची बोली त्यांनी कागदावर आणली. प्रकाश नारायण संतांच्या १९९४ च्या 'वनवास'मधील लंपनची मराठीही याच मातीतली, कानडीच्या वाऱ्याची. हे लेखन आज कोणी यंत्राच्या हवाली केले आणि 'शुद्ध' करून मागितले, तर कथानक राहील, पात्रे राहतील, आणि ती कोणत्या गावची हे कळेनासे होईल. छापून झालेल्या पुस्तकांना ते भय नाही. भय आहे ते आज निपाणीत किंवा खानापुरात बसून पहिली कथा लिहिणाऱ्या मुलीबद्दल. तिच्या अक्काचा 'येतो' तिच्या देखत 'येते' होईल, आणि आपलेच चुकले असे तिला वाटेल.

साहित्यापुरताच हा प्रश्न असता, तर मी एवढे लिहिले नसते. वखारीत काम करणारी बाई साक्षीला उभी राहते आणि 'मी तिथं गेलो होतो' म्हणते. तिचे शपथपत्र तयार करणाऱ्या कनिष्ठ वकिलाने तो मजकूर यंत्रातून काढला आणि त्यातले 'खरं' उडाले, तर 'मी सही केली, खरं वाचून दाखवलं नाही' या वाक्याचे काय होईल? 'मी सही केली, खरं तर वाचून दाखवलं नाही' असे झाले तरी एक वेळ निभावेल. परंतु यंत्राने आणखी एक पाऊल टाकून 'मी खरोखर सही केली' असे केले, तर त्या बाईची सारी तक्रारच गेली, आणि तिने जे म्हटले नाही ते तिच्या अंगठ्यावर चढले. दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्ष लिहून झाल्यावर ती साक्षीदाराच्या समक्ष वाचून दाखवावी, आवश्यक तर न्यायाधीशाने दुरुस्त करावी आणि खाली सही करावी, अशी तरतूद आहे, ती उगाच नाही. दस्त नोंदणीच्या १९०८ च्या कायद्याचे विसावे कलम तर अगदी आपल्या हरताळाचेच कलम आहे. दस्तात खाडाखोड, ओळींमधले लेखन किंवा कोरी जागा असेल, तर लिहून देणाऱ्याने त्या प्रत्येक ठिकाणी सही किंवा आद्याक्षरे केल्याखेरीज नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. त्याने तो नोंदविलाच, तर त्या फेरफारांची टीप नोंदवहीत करावी लागते. फेरफाराला कायद्याची ना नाही. तो कोठे झाला आणि कोणाच्या संमतीने झाला, हे कागदावर दिसले पाहिजे, एवढेच कायदा मागतो.

आमच्या व्यवसायाने या यंत्रापायी एक ठेच जगजाहीर खाल्ली आहे. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात 'माता विरुद्ध एव्हियांका' या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरविलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने पाच हजार डॉलरांचा दंड केला. हा दोष ढळढळीत होता म्हणून सापडला. एका शब्दाची झीज कोण पकडणार?

सीमाभागात तर लोकांची बोली ही स्वतःच एक प्रकारचा दस्तऐवज आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यांच्या गुणदोषांविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. कोण कोणती भाषा बोलतो, हा या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे, एवढे मात्र दोन्ही बाजूंचा माणूस मान्य करील. आपले शहर १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत कागदांत बेळगावी झाले. १९४६ च्या संमेलनाविषयी लिहिताना बेळगाव लिहावयाचे की बेळगावी, हे लेखकाने विचारपूर्वक ठरवावयाचे असते. यंत्राने परस्पर ठरवून टाकावे अशी ती बाब नाही.

कोकणीची दशा याहून नाजूक आहे. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. परंतु देवनागरीत लिहिलेली कोकणी मराठी समजून तपासली जाण्याचा धोका कायम आहे. कोकणीत 'हांव' म्हणजे मी. मराठीच्या १९६२ च्या नियमांनी संस्कार झालेल्या तपासनिसाने त्यावरचा अनुस्वार उडविला की 'हाव' उरते. देवळाच्या उत्सवात 'हांव आयलां' म्हणणाऱ्या भक्ताच्या ठिकाणी एकाएकी लोभ येऊन उभा राहतो! या मासिकाचे संपादक दोन भाषांची पाने वेगवेगळी तपासतात, ते किती शहाणपणाचे आहे हे यावरून ध्यानात यावे.

इतके म्हटल्यावर, यंत्र वापरूच नये असे माझे मत आहे की काय, असे कोणी विचारील. तसे मुळीच नाही. मी ते नित्य वापरतो. आपल्याच मजकुरातील चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण आपण लिहिलेले न वाचता मनात असलेले वाचतो. हा अनुभव प्रत्येक लिहिणाऱ्याचा आहे. ऱ्हस्वदीर्घ, दोनदा पडलेला शब्द, गळलेले क्रियापद, पहिल्या पानावर १९२९ आणि सहाव्या पानावर १९२८ झालेले साल, या गोष्टी यंत्र निमिषात दाखविते, आणि रात्री अकरा वाजता कुरकुर न करता दाखविते. माझी पद्धत एवढीच की, त्याला लेख सुधारून देण्यास मी सांगत नाही. कोठे काय खटकते आणि का खटकते, याची यादी मागतो, आणि मूळ प्रत अलग ठेवून यादीतले एकेक कलम स्वतः स्वीकारतो किंवा फेटाळतो. अशी यादी मागितली की यंत्र निमूटपणे देते. म्हणजे काकपद घालण्याची कला त्याला अवगत आहे, आपणच ती मागत नाही. अवतरणे, साक्षी, जुने कागद आणि पात्रांची संभाषणे मी त्याच्यापुढे शुद्धीसाठी ठेवतच नाही. अशिलाचे कागद बाहेरच्या यंत्रात घालावयाचे की नाही, हा विश्वासाचा प्रश्न निराळाच आहे आणि त्याचे उत्तर मला तरी नकारार्थी वाटते.

जुन्या कागदांविषयी एक हकीकत सांगून हा लेख पुरा करतो. आमच्या परिसरातील एका देवस्थानाच्या जमाखर्चाच्या मोडी वह्या अलीकडे देवनागरीत उतरविल्या जात आहेत. काम तरुण मंडळी हौसेने करीत आहेत. एका वहीचे लिप्यंतर वाचण्यास सुलभ व्हावे म्हणून ते यंत्रातून काढले गेले आणि पुस्तक छापण्यास सिद्ध झाले. तेलवातीचा खर्च, नंदादीपाचे तूप, गुरवाचे शेर, सारे नीटनेटके दिसू लागले. मात्र वहीच्या मथळ्यावर मुळात 'सन सलास समानीन मया व अलफ' असे होते. शुहूर सनातले हे अरबी आकडे आहेत: तीन, ऐंशी, शंभर आणि हजार, मिळून ११८३, म्हणजे इ. स. १७८२-८३. यंत्राने 'सन सलास'चे 'सन सालास' केले होते आणि पुढचे तीन अनोळखी शब्द नावांसारखे समजून तसेच ठेवले होते. वाचणाऱ्याला वाटावे, कोणा समानीन नावाच्या माणसाच्या सालातली ही वही आहे.

न्यायालयात तीस वर्षांवरील कागदाविषयी, तो योग्य ताब्यातून आला असेल तर, त्यावरची सही-अक्षरे खरी मानण्याचा अधिकार न्यायाधीशाला असतो. ते गृहीत मूळ कागदाला चिकटलेले असते, सुधारलेल्या प्रतीला नव्हे. देवस्थानाच्या जमिनीचा किंवा मानपानाचा प्रश्न उद्या उभा राहिला आणि मूळ वही तोवर वाळवीने खाल्ली, तर पुढे ठेवावयास ही सनहीन प्रत तेवढी राहिली असती. मंडळींनी ताळा करताना मूळ वही शेजारी उघडून ठेवली होती, म्हणून हे सापडले. आता ते पुस्तक पुन्हा जुळविले जात आहे. डाव्या पानावर मोडीचे छायाचित्र, उजव्या पानावर अक्षरशः लिप्यंतर, आणि अर्थ तळटिपेत. जेथे अक्षर लागत नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेषा द्यावी, असे मी सुचविले आहे. छापखान्याने ती रेषा तांबडी असावी की काळी, असे विचारले आहे. विश्वस्तांच्या पुढील सभेत ते ठरेल.